सिस्टरच्या पुड्या

४ नोव्हेंबर
आले एकदाची. दोन बॅगा, एक कुंडी आणि मी, चौघंही धडधाकट पोचलो. खोली फोटोत दिसत होती त्याहून बरीच मोठी आहे. पश्चिमेला खिडकी, तिच्याखाली टेबल, कोपऱ्यात लोखंडी खाट. भिंतींना नुकताच फिका पिस्ता रंग दिलाय, वास अजून गेलेला नाही. घरमालकीण खाली राहतात, एकट्याच. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मलाही तेच म्हणायला सांगितलं. बॅग उघडली तेव्हा वरच माझ्या गोळ्यांची पाकिटं होती. सिस्टरांनी चष्मा न लावता नाव वाचलं आणि किती वर्षं झाली, एवढंच विचारलं. सहा, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला खाली गेल्या.

९ नोव्हेंबर
नोकरी छान आहे. दातांची लॅब, कवळ्या, ब्रिज, टोप्या. मी मेणात दात बसवते. दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असतात आणि एकही बोलत नाही. असे सहकारी नशिबानेच मिळतात. बोलायचं खातं शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली सांभाळते.
दुपारनंतर मात्र नेहमीचंच. हातपाय गार, डोक्यात कापूस. मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी माझंच रक्त परकी समजून कुरतडतंय, असं डॉक्टरीणबाईंनी सहा वर्षांपूर्वी समजावलं होतं. आता त्या रिपोर्ट बघतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात. कागदावर मी ठणठणीत आहे. त्या कागदाला जरा माझ्याऐवजी कामावर पाठवता आलं असतं तर.
काढे झाले, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या झाल्या, आठ महिने गहू सोडला, एकाने सांगितलं म्हणून गळ्यात तांब्याची तारसुद्धा घातली. मान हिरवी झाली, बाकी काही नाही.

१५ नोव्हेंबर
आज रविवार. सिस्टर वर येऊन बसल्या. त्यांच्या मुलीलाही हेच दुखणं होतं म्हणे. आता कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, आता तिला काही त्रास नाही. मग पदराआडून एक पुडी काढली. पांढऱ्या कागदाची, कडा अशा दुमडलेल्या की पट्टीने आखल्यासारख्या. आत तपकिरी पूड. स्वतः बनवतात, कशाची ते सांगत नाहीत. पण अट एक: गोळ्या बंद करायच्या. गोळ्यांनी ग्रंथी आळशी होते, आयतं मिळालं की कोण काम करणार, असं त्यांचं म्हणणं. बोलताना त्यांनी माझा हात हातात घेतला होता. दमतेस ना गं फार, म्हणाल्या. सहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला रडूच आलं.

२३ नोव्हेंबर
आठ दिवस विचार केला आणि आज सुरुवात केली. पूड खारट लागते, शेवटी जरा लोखंडासारखी. गोळ्यांची पाकिटं मीच सिस्टरांच्या हातात दिली, घरात असली की मोह होतो. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं तर तिने आकाशपाताळ एक केलं. तुला अक्कल आहे का ताई, इथपासून सुरुवात. चार महिने बघते, मग तू म्हणशील ते, असं सांगून फोन ठेवला.

२ डिसेंबर
खरंच बरं वाटतंय! काल लॅबमधून चालत आले. सिस्टर रोज सकाळी नाडी बघतात, ताप बघतात, एका जाड वहीत लिहून ठेवतात. अक्षर मोत्यासारखं. मला बाळ म्हणतात. अडतिसाव्या वर्षी बाळ!

१९ डिसेंबर
थंडी जात नाही. दोन स्वेटर घालते. सकाळी चेहरा सुजलेला असतो, अंगठी काढता आली नाही. सिस्टर म्हणतात गोळ्यांचं जुनं विष बाहेर पडतंय, हे व्हायलाच हवं. पुडी दिवसातून दोनदा केलीय.
आज लॅबमध्ये चष्मेवाली किंचाळली. मी वर बघितलं तर ती माझ्या हाताकडे बघत होती. मेणाचा चाकू तापवताना माझं बोट बर्नरच्या ज्योतीत होतं. किती वेळ, माहीत नाही. आधी वास आला, मग दिसलं. दुखलं असं नाही.

३० डिसेंबर
लॅबच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. एका कवळीत मी सुळे समोर आणि पटाशीचे दात मागे बसवले होते. रागावले नाहीत. महिनाभर विश्रांती घ्या म्हणाले आणि स्वतः दार उघडून धरलं. चष्मेवालीचे डोळे भरले होते. मला वाईट वाटायला हवं होतं.
धाकटीचा फोन. मी हॅलो म्हटलं तर तिने विचारलं, आपण कोण बोलताय, ताईला देता का. माझा आवाज पुरुषासारखा झालाय.

६ जानेवारी
सिस्टरांनी मुलीचा लोकरीचा कोट दिला. बरोबर बसला. बाह्यासुद्धा.
त्या दूध आणायला गेल्या आणि वही इथेच राहिली. उघडली. पहिली पानं माझी नाहीत. वर बाळ असंच लिहिलंय. नाडी बहात्तर, चौसष्ट, छप्पन्न. चेहऱ्यावर सूज. आवाज जड. कोट दिला. नाडी अठ्ठेचाळीस. बेचाळीस. शेवटच्या ओळीत तारीख आणि दोन शब्द, शांत झोप. चार वर्षांपूर्वीची तारीख. मग एक कोरं पान. त्यापुढे पुन्हा बाळ, २३ नोव्हेंबर, नाडी बहात्तर.
माझे आकडे तिच्या आकड्यांशी लावून बघितले. दोन-तीनचा फरक.
मी घाबरायला हवं. वाट बघितली. भीती आली नाही. वही होती तशी ठेवली, कडा टेबलाला समांतर.

१० जानेवारी
विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. मुलगी याच खाटेवर गेली. पुडीने गेली असं डॉक्टर म्हणाले, सिस्टरांचा नवरा म्हणाला आणि घर सोडून गेला, गल्लीनेही वर्षभर तोंड फिरवलं. पण शेवटच्या दिवसांत तिने पुडी थुंकून टाकली होती, म्हणून गेली, असं सिस्टर म्हणतात. आणखी आठ दिवस धरली असती तर उठली असती. तू उठलीस की सगळ्यांना कळेल बाळ, म्हणाल्या आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.
मी बरी झाले नाही तर त्यांनी तिला मारलं. मी थांबले तरी त्यांनी तिला मारलं. म्हणजे त्या मला थांबू देणार नाहीत. हे सगळं स्वच्छ कळतंय. गणितासारखं.
गोळ्या परत मागितल्या. कधीच टाकल्या, म्हणाल्या. मग डोळे पुसून पुडी पुढे केली. मी घेतली. का, तर हात पुढे आला होता.

१३ जानेवारी
औषधांचं दुकान चार घरांवर आहे. निघाले. जिना उतरायला बराच वेळ लागला. फाटकाशी बसले. उठता येईना. पेपरवाला, गल्लीबाहेरचा, सायकल थांबवून माझ्या अंगातल्या कोटाकडे बघत राहिला. सिस्टर बाहेर आल्या. त्याने त्यांना विचारलं, मुलगी परत आली वाटतं.
हो, म्हणाल्या. आली.
आणि मला काखेत धरून वर आणलं. किती हळुवार.
मी त्याला काही सांगणार होते. वाक्य तयार होईपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

१७ जानेवारी
फोन दिसत नाही. त्याने मेंदूला शीण होतो म्हणे. रोजनिशी लिहू देतात. नोंद असावी म्हणतात.
धाकटी येत्या रविवारी येणार असं मागे बोलली होती. म्हणजे चोविसाला. की मी तसं ठरवलं.
नाडी सेहेचाळीस.

२० जानेवारी
आज पुडी जिभेखाली धरली. त्या गेल्यावर थुंकायची ठरवली. मग विसरले. गिळली.
आरशावर टॉवेल टाकलाय. कोणी — मीच बहुधा.

२२ जानेवारी
काल लिहिलं नाही. की काल नव्हताच.
चादर बदलताना माझा पाय खाटेच्या कडेला आपटला. रक्त. सिस्टरांनी पट्टी बांधली. मी बघत होते, दुसऱ्याच कोणाचा —
बेचाळीस.

२४ जानेवारी, रविवार
दुपार. ऊन टेबलावर आलंय. खाली बेल.
धाकटी. आवाज तिचाच. ताई कुठेय, ताई कुठेय.
सिस्टर सांगतायत, झोपलीय, खूप सुधारलीय, आता उठवू नका, संध्याकाळी या. गोड आवाज, हॉस्पिटलमधला.
हाक मारते. येत नाही. जीभ तोंडात मावत नाही —
पाण्याचा पेला ढकलला. पडला. वाजला असेल.
खालचं बोलणं थांबलंय.
जिन्यावर कोणीतरी. धाकटी असेल तर दोन-दोन पायऱ्या गाळत येईल, लहानपणापासून तशीच —
ही पावलं एकेक पायरी. मध्ये थांबून. पुन्हा एक.
खाली फाटक लागलं. बाहेरून.
कागदाचा आवाज. पुडी उलगड