संध्याकाळच्या प्रार्थनेतलं नाव

३ मार्च

चि. धाकट्यास,
प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांनी अंथरूण धरलंय. डॉक्टरांनी हात टेकले. मी त्यांच्या शिलाई मशीनवर चादर टाकली, तर ओरडले, की मी अजून मेलेलो नाही. जीभ तेवढी अजून शाबूत आहे!

संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज तुझं नाव घेतात. धाकट्याचा विश्वास वाढू दे, एवढंच मागणं. तुझी बायको गेली तसा तू देवाशी अबोला धरलास, ते मला कळतं रे. पण एकदा तुझी प्रार्थना कानावर पडावी, असा त्यांनी हट्टच धरलाय. रविवारी शेजारच्या काकू मोबाईल घेऊन येतील.

लोभ आहेच, फोनही येऊ दे.
तुझी आई

९ मार्च

ती. आईस,
सप्रेम सलाम.

तिच्यासाठी आपण सगळ्यांनी गुडघे टेकले होते. ती गेलीच. आता डोळे मिटले तर समोर कोणी आहे असं वाटतच नाही. दिवसभर भट्टीवर पाव भाजतो आणि घरी येऊन पडतो.

पण बाबांसाठी करेन. त्यांनी लहानपणी पाठ करून घेतलेली प्रार्थना तोंडात आहे, तीच म्हणेन. त्यांना सांगू नकोस.

रागावू नकोस, लोभ असू दे.
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

फोनवर किती छान म्हटलीस प्रार्थना! कुठे अडखळला नाहीस. मी काकूंसमोरच रडले. बाबांना म्हटलं, देवाने ऐकलं हो. तर म्हणाले, कपडा तयार आणलेला आहे, मापाचा नाही. खरं मागणारा अडखळतो. तू लिहिलेलं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण गिऱ्हाईक पाठमोरं बघून खांद्याचं माप सांगणाऱ्या शिंप्याला आपण काय फसवणार?

त्या संध्याकाळी थोरलीचं नाव घेतलं, नातवंडांचं घेतलं, तुझं नाही. पुढेही नाही. विचारलं, तर म्हणाले, माझ्या हट्टापायी पोरगं देवासमोर खोटं बोललं, आता कोणत्या तोंडाने मागू? फार वाईट वाटलं रे.

जेवत जा वेळेवर.
आई

२२ मार्च

ती. आईस सलाम.

तुझं पत्र वाचता वाचता भट्टीतले पाव करपले, मालकाने झापलं. आई, मला देव नको होता, पण रोज कोणीतरी माझं नाव घेतंय, हे हवं होतं. आत्ता कळतंय. बाबांना सांग, पुन्हा फोन करतो. पाठ केलेलं म्हणणार नाही. सुचलं नाही तर गप्प राहीन. पण माझं नाव घ्या म्हणावं.

धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र त्यांच्या कानाशी दोनदा वाचलं. परवाच वाचा गेली रे. कळलं की नाही, देव जाणे. डोळे छताकडेच होते. फोन कर, पण पलीकडून काही येईल अशी आशा धरू नकोस.

संध्याकाळी मीच उशाशी बसते. तुझं नाव घेते आणि पुढे काय मागायचं, ते सुचत नाही. आजवर मागत ते होते. मी शेजारी बसून नुसतं आमेन म्हणत आले.

तुझी आई