रिकामं पारडं

सोमवार
नवी नोकरी, नवं गाव! दुकानांतले, दवाखान्यांतले वजनकाटे इथे तपासायला येतात. खोली झकास आहे: जाड भिंती, वारा नाही, मधोमध दगडी कट्ट्यावर मुख्य काटा. इथल्या प्रमुख मॅडम खडूस. पहिल्याच दिवशी तंबी दिली, की काट्याजवळ शिंकायचंसुद्धा नाही. बायकोला सांगितलं तर चक्क हसली, वर्षभरानंतर.

ठकूला जाऊन वर्ष झालं. चार वर्षांची पोर. बायको म्हणते, ती आपल्याजवळच आहे. मी म्हटलं, मग काट्यावर वजन दाखव म्हणावं, लगेच मानतो. ती उठून आत गेली.

बुधवार
रिकाम्या पारड्यावर चौदा किलो! आजारी पडण्याआधी ठकू एवढीच भरायची. वायर तपासली, कट्टा तपासला. काटा चोख आहे. शून्याचं बटण दाबलं, आकडा गेला.

दार लावून वेड्यासारखी हाक मारली, ठकू, ये गं. आकडा परत आला. मी ढसाढसा रडलो. आहे, माझी पोर आहे!

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आमच्या धंद्यात आरसाही तपासावा लागतो. एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. कुणीही, कितीही वेळा केलं तरी घडायला हवं. मॅडमना पद्धत सांगितली: हाक, आकडा, शून्य, पुन्हा हाक.

शुक्रवार
दिवसभर हाका मारल्या. दर वेळी येते. पण वजन कमी कमी होतंय. तेरा. साडेबारा. अकरा.

दवाखान्यात नर्स रोज सकाळी तिला काट्यावर ठेवायची. हेच आकडे. असेच उतरत गेलेले.

शनिवार
बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, की तुझ्या खात्रीपायी तिला आणखी किती वेळा मारणार आहेस.

सोमवार
मॅडम खुशीत. म्हणाल्या, त्यांनी हाक मारली तरी आकडा येतो, शनिवारभर घेतला —

येणारच. मोठ्यांनी हाक मारली की लगेच जायचं, हे मीच शिकवलंय तिला.

मंगळवार
आतून कडी लावलीय. मॅडम दार ठोठावताहेत. काट्यावर शेवटच्या सकाळचा आकडा. शून्य दाबणार नाही. कुणाला दाबू देणार नाही —

फक्त एवढंच म्हणालो, ठकू, आता कुणी बोलावलं तरी येऊ नकोस —

आकडा हलला. तिला हाकच वाटली — उतरतोय — नको गं बाळा, ऐक, ठ