मेजर पिसाळलेला नाही

कडाव, ६ जानेवारी १९३३. सकाळी ८.

मेजरला पुन्हा फिट. दिवाळीपासून चौथी. ओटीवर आडवा पडला, चारी पाय ताठ, मग हवेत धावायला लागला. तोंडाला फेस. मी अगदी शांत होतो. घरमालकाच्या भाताच्या कणगीवर चढून निरीक्षण केलं. उंचावरून एकंदर चित्र नीट दिसतं. ही मात्र खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन होती. बायकांना निरीक्षण जमत नाही.

हा टेरियर मला माथेरानच्या एका मड्डमनं विलायतेला परत जाताना दिला. हॉटेलाच्या व्हरांड्यात दहा जण उभे होते, निवडलं मला. इंग्रजीचा प्रभाव. पट्टा, थाळी, कांबळं सगळं आधीच बांधून तयार होतं. मी हो म्हणताच तिनं माझा हात घट्ट धरला. ‘अ लिटल नर्व्हस’ म्हणाली. स्वतःबद्दल म्हणाली असणार.

निश्चय : पंधरा दिवसांत कुत्रा बरा करायचा. शास्त्रानं. गावठी उपाय घराच्या पायरीवर चढू द्यायचे नाहीत.

७ जानेवारी.

मालोजी पाटील आला. गावचा पोलीस पाटील. बंदूक एक, अक्कल तिच्या नळीएवढी. म्हणाला, वकीलसाहेब, कुत्रं पिसाळलं हाय. गेल्या साली चौक गावाला एक गडी कुत्रं चावून मेला, पान्याचा तांब्या बघून किंचाळायचा. तालुक्याचा हुकूम हाय, गोळी घालावी लागंल.

त्याला पाऊण तास रेबीज आणि एपिलेप्सी यांतला फरक समजावला. इंग्रजीत, म्हणजे घोटाळा नको. त्यानं तंबाखू मळली, खाल्ली, थुंकला. म्हणाला, म्हंजी पिसाळलंच ना? जाताना म्हणाला, तुमच्या घरात काय ते करा. रस्त्यात पडलं तर मंग आमी इचारनार नाय.

ही आत रडत होती. अहो, त्याला मारतील हो, म्हणाली. मी म्हटलं, कायदा माझ्या बाजूला आहे. म्हणाली, बंदूक त्यांच्या बाजूला आहे. मुद्दा सोडून बोलायची हिला सवयच आहे.

९ जानेवारी.

कारण सापडलं! शेजारच्या चांगोचा कोंबडा. चारही फिट सकाळच्या, कोंबडा आरवतो सकाळी. इतकी उघड गोष्ट या गावात कुणाला सुचू नये.

चांगोला लेखी नोटीस दिली. वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. म्हणाला, कोंबडं आरवनार नाय तर काय भजन करनार? पण तर्क पटला असावा. संध्याकाळी त्याच्याकडे पाहुणे आले आणि कोंबडा कापला. वाटीभर रस्सा आमच्याकडेही आला. हाडं मेजरनं फोडली. शत्रू पोटात. समाधान.

१० जानेवारी.

फिट. सकाळी पावणेसात. कोंबडा नसताना.

चांगो कुंपणावरून म्हणाला, आता माझं कोंबडं जितं करून द्या. अडाण्यांशी वाद घालू नये. माझी थिअरी चुकलेली नाही, मेजरच्या अंगाला सवय राहिली असणार.

डोंगराकडून मोळी विकायला येणारी कोंडी ठाकरीण नेमकी तेव्हाच आली. मोळी टाकली नि सरळ मेजरपाशी बसली. कुणी बोलावलं होतं? त्याच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटत होती, गप रं, गप, येशील माघारी. मग मान वर करून मला म्हणाली, तुमी वरडू नका, त्याला कळतंय. मी ओरडत नव्हतो. सूचना देत होतो. कणगीवरून बोलताना आवाज थोडा चढतोच.

१२ जानेवारी.

कर्जतच्या डॉक्टरकडून ब्रोमाइडच्या पुड्या आणल्या. फिटवरचंच, पण माणसांचं औषध. कुत्र्याचा डोस वजनावरून काढायचा, तो मी काढीन म्हटलं. चांगोच्या भाताच्या काट्यावर मेजरला चढवला. चांगो म्हणाला, वकीलसाहेब, कुत्रं इकायला काढलं काय? गावात दुसरा विनोद नाही.

डोस तयार. उद्या आधी स्वतः घेऊन बघणार. मोठे शास्त्रज्ञ असंच करतात.

१५ जानेवारी.

मधली संक्रांत सापडत नाही. हिच्या म्हणण्याप्रमाणे मी झोपलो होतो. तिळगूळ द्यायला आलेली माणसं मला बघून हळू आवाजात बोलून गेली म्हणे.

मला न विचारता ही कोंडीला घेऊन बैलगाडीनं कर्जतला जाऊन आली. डॉक्टरनं सांगितलेला डोस माझ्या डोसाचा दहावा हिस्सा. म्हणजे माझं गणित बरोबर, फक्त एक शून्य जास्त पडलं होतं. शून्याला काही किंमत नसते.

औषध आता ही देते. किरकोळ कामं वाटून दिलेली बरी.

१८ जानेवारी.

नवी योजना. ही शेवटची, कारण पुढे गरजच पडणार नाही.

या लोकांची समजूत : पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं. ठीक. येत्या रविवारी चावडीपुढे सगळा गाव बोलावतो. मेजर सर्वांदेखत पाणी पिईल, मालोजी बंदूक खांद्यावर टाकून घरी जाईल. सोबत माझं व्याख्यान, चौदा पानं.

ही म्हणाली, अहो, त्याला गर्दी सोसत नाही, नका नेऊ. पाया पडते म्हणाली. मी म्हटलं, गॅलिलिओच्या घरी तुझ्यासारखी कुणी असती तर पृथ्वी अजून जागेवर असती.

२२ जानेवारी. संध्याकाळी, अंथरुणातून.

प्रयोग यशस्वी. तपशील असा.

मालोजी बंदुकीसकट हजर. शंभरेक माणूस. मी बैल सोडलेल्या गाडीवर उभा, हातात साखळी. मेजरला सकाळीच खारे पापड चारले होते. समोर पाण्याची परात. सातव्या पानाला तो पाण्याकडे ओढ घ्यायला लागला. साखळी आखडली. पुरावा योग्य वेळीच पुढे करायचा असतो. नवव्या पानाला तो पडला. परात कलंडली. लोक ओरडले, पान्याला भ्यालं! पान्याला भ्यालं! मालोजीनं बंदूक उचलली.

यानंतर काही मिनिटं मी डोळे मिटून विचार करत होतो. पुढचं हिच्याकडून कळलं.

ही धावत येऊन मेजरवर ओणवी झाली. मालोजी म्हणाला, वयनी, बाजूला व्हा. ही हलली नाही. बाजूला व्हा म्हनतो ना! हलली नाही. तेवढ्यात कोंडी गर्दीतून घुसली. म्हणाली, वहाण द्या रं कुनी, फेफरं हाय त्ये. तिच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं. एक माणूस पुढे येईना. मालोजी फेस बघत उभा राहिला. मग बंदूक चांगोच्या हातात दिली, पायातली वहाण काढली, उकिडवा बसला आणि स्वतः मेजरच्या नाकाला लावली. म्हणाला, आमच्या बापाला ह्येच हुतं. मी असाच धरून बसायचो.

मेजर शांत झाला. उठला, परातीतलं उरलं पाणी लपालपा प्यायला. मालोजी वहाण पायात घालत म्हणाला, पिसाळलेलं नाय. घरी जा रं समदी.

म्हणजे निष्कर्ष माझाच. माझी पाच पानं वाचायची राहिली तरी मुद्दा पोचला.

ही आणखी सांगते की मालोजीनं मेजरनंतर तीच वहाण मला हुंगवली, कारण मीही गाडीवरून खाली होतो. याला पुरावा नाही. चामड्याचा वास आला होता, पण बैलगाडीच्या जुवाला चामड्याचे पट्टे असतात.

२४ जानेवारी.

मालोजी विचारपूस करायला आला. आधी मेजरची. मग हिला दारात म्हणाला, कुत्र्याला काय धाड नाय भरत, वकीलसाहेबांना जपा. बोलण्यात ताळतंत्र नाही.

हिनं नियम केलाय : फिट आली की मी घराबाहेर जायचं. माझ्या आवाजानं ती लांबते म्हणे. मान्य केलं. देखरेख करणाऱ्यानं थोडं लांबच असावं.

२ फेब्रुवारी. चांगोच्या ओट्यावरून.

सायं. ५.१०. फिट. बाहेर आलोय. आत ही आणि कोंडी.

५.१२. दार बंद.

५.१४. बंद. चांगो माझ्याशेजारी येऊन बसला.

५.१६. एवढा वेळ लागत नाही.

५.१७. चांगोनं पानाचा डबा पुढे केला. मी पान खात नाही. खाल्लं.

५.२१. दार उघडलं. मेजर बाहेर आला, झोकांड्या खात. मी अंगणात गेलो. हळू हाक मारली. दोनदा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गुरगुरला. फिटनंतर कुत्र्याला काही वेळ माणसं ओळखू येत नाहीत. हे शास्त्र आहे.

हिला ओळखलं. कोंडीला ओळखलं. चांगोपुढे तर शेपटी हलवली.