उजवा पाय

३ फेब्रु. १९९८
सकाळी तीन सॉर्टी उडवल्या. चौथ्या सॉर्टीचा विद्यार्थी आला नाही, दारात नितीन. मूळ नागपूरचा. चार वर्षांपूर्वी याच फ्लाइंग क्लबात माझ्या हाताखाली विमान चालवायला शिकला. आता प्रवासी विमानावर को-पायलट, नवीन जातीच्या. तिथं डायल नाहीत, सगळं काचेच्या पडद्यांवर.
"मॅडम, चेकमध्ये नापास झालो."
हैदराबादला सिम्युलेटरमध्ये परीक्षकानं ऑटोपायलट काढला, डावं इंजिन बंद केलं. नाक डावीकडे पळालं. उजव्या पायानं पेडल दाबून ते सरळ करायचं, हे याला तोंडपाठ. पाय हललाच नाही. दुसरी संधी २० तारखेला. तीही गेली तर नोकरी...
म्हटलं, उद्या सहाला ये.

४ फेब्रु.
आमच्या जुन्या दोन सीटच्या विमानात बसवला. टेकऑफला नाक डावीकडे, आणि याचे डोळे आत डायलांवर. वर गेल्यावर डायलांवर वर्तमानपत्र चिकटवलं.
"आता काय बघू?"
"बाहेर. क्षितिज कुठं आहे ते."
हेब्बाळच्या तळ्यावर दोन वळणं. दोन्हींत विमान बाजूला घसरलं. घामाघूम.
"पाय चालूनच नाही राहिला, मॅडम."
"चार वर्षांत कितीदा वापरलास?"
मोजायला लागला. तिसऱ्या बोटावर थांबला.

७ फेब्रु.
स्वल्प बरं. लांबचं एक नारळाचं झाड धरून पंख डावे-उजवे झुकवायचे, नाक झाडावरून हलू द्यायचं नाही. वीस मिनिटं तेच. झाड सुटतं तेव्हा त्याला आता कळतं तरी. उतरताना मात्र पाय पुन्हा झोपतो.
घरी वहिनी विचारते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहाटे कुठं? म्हटलं, जुनं काम राहिलंय.

९ फेब्रु.
९४ची शेऱ्यांची वही शोधली. नितीनच्या शेवटच्या पानावर माझंच अक्षर: "उजवा पाय सुस्त. सरावानं जाईल." खाली सही.
त्याला तेव्हा कंपनीचं पत्र आलेलं. घाई त्याला होती. मला पण होती. मी शिकवलेला मुलगा मोठ्या विमानावर गेला, असं चार लोकांना सांगायचं होतं.


१२ फेब्रु.
वही दाखवू नये असं ठरवून गेले होते. दाखवली.
"तेव्हाच थांबवायला हवं होतं मी तुला."
दोनच ओळी, पण बराच वेळ वाचत उभा राहिला.
"थांबवलं असतं तर मी तुमच्याशी बोललोच नसतो, मॅडम."
मग आम्ही उडालो. चांगला उडाला.

१६ फेब्रु.
वारा आडवा. मुद्दाम नेला. पाचांपैकी तीन लँडिंग नीट. चौथ्याला पाय मी मारला. पाचव्याला त्यानं मारला, पण उशिरा.
चहा घेताना सांगून टाकलं, "कंपनीकडून आणखी पंधरा दिवस मागून घे."
"मागितले तर फायलीत लिहितात."
"लिहू देत."
"तुमचं काय जातं?" लगेच म्हणाला, सॉरी. चहा अर्धा टाकून स्कूटर काढली.
वहीत आजचा शेरा लिहायला घेतला. तारीख घातली. पुढं कोरं.

१८ फेब्रु.
आला नाही. फोन नाही. मीही केला नाही. करायला हवा होता?

२० फेब्रु.
नव्या मुलीला घेऊन वर होते. सव्वानऊला उतरले तर ऑफिसातले कृष्णप्पा मैदानावरच आले.
"अक्का, नितीनसारांच्या मिसेसचा फोन होता, आत्ताच."
"काय म्हणाली?"
"तो सिम्युलेटरमध्ये गेला, तेवढं सांगा म्हणाल्या."
म्हणजे दिवस मागितले नाहीत. की मागितले आणि दिले नाहीत?
"बाहेर कधी येणार, विचारलंत?"
"इल्ल अक्का, नाही विचारलं."
साडेनऊच्या सॉर्टीचा विद्यार्थी विमानापाशी उभा होता. गेले.