फार स्वच्छ पाणी

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सिमेंटच्या टाक्या, त्यांवरचं छप्पर, पाणी एका टाकीतून दुसरीत फिरवणारी नळी आणि प्रत्येक थेंब जिच्यातून जातो ती कोळशाची गाळणी, हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुठल्या कॉलेजात गेलो नाही. गाळणीतून आलेल्या पाण्यात तुला हातावरच्या रेषा वाचता येतील.

तरी पिल्लांसाठी टाक्यांत ठेवलेली कालवं, ती शिंपल्यांतली, रुसून बसलीत. पाणी ऊन केलं, गार केलं, पुन्हा ऊन केलं. कोपऱ्यातल्या टाकीत एका नराने दुधासारखं बीज सोडलं, तेव्हा जिवात जीव आला. पण बाकीच्या टाक्यांत शिंपलं म्हणून हललं नाही. हंगाम संपेपर्यंत पिल्लं झाली नाहीत, तर शेड शेजारच्या कंपनीला विकावी लागेल. त्यांचा मॅनेजर रोज कुंपणाशी येऊन तब्येत विचारतो. माझी नव्हे, शेडची. तुझी भावजय म्हणते, कालवांना जरा गोडीगुलाबीने सांगून बघा.

आहे तशी माया राहू दे.

तुझा धाकटा

९ एप्रिल

चि. टापटीपराव यास,
अ. उ. आ.

साबणाच्या कारखान्यात सुगंध मिसळण्यात माझी हयात गेली. कालवांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक गोष्ट मनातून जाईना. कपाटाला कुबट वास येतो म्हणून तू मला कोळशाची पुरचुंडी दिली होतीस. कुबट वास गेला, आणि त्याच कपाटातल्या माझ्या सुगंध हुंगून बघायच्या कागदी पट्ट्याही मुक्या झाल्या. कोळसा चांगलं-वाईट बघत नाही.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कालवं जागची हलत नाहीत, त्यांचे निरोप पाण्यातूनच जातात. नराच्या बीजाबरोबर एक द्रव्य पाण्यात उतरतं. ते पोचलं की शेजारचे नरही बीज सोडतात आणि माद्या अंडी. मग तुझ्या त्या एकट्या नराचा निरोप गाळणीतच अडकला नसेल कशावरून? लहानपणी पाटी इतकी घासायचास, की शाळेतल्या बाईंनी बघायच्या आत उत्तरही जायचं.

रागावू नकोस. गाळणी उत्तम आहे, म्हणून तर हे झालं. वेळेवर जेवत जा, आणि पत्र फाडण्याआधी दोनदा वाच.

तुझी ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी दोन दिवस तुझ्यावर फुगून बसलो होतो. तुझी भावजय कळवेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. मग गाळणीला वळसा घालणारी नळी बसवली. स्वतःच बसवली, सांधा थेंबभरही गळत नाही.

पाणी ऊन केलं. कोपऱ्यातल्या त्याच टाकीत दुधाळ रेघ दिसली आणि या वेळी ती वाटेत पुसली गेली नाही. शेजारची टाकी, मग तिच्या पलीकडची, जसं काही दारोदार बोलावणं फिरत होतं. माद्या शिंपले आपटून अंडी उडवायला लागल्या. भावजय बादली घेऊन उभी राहिली ती हलेचना. आता भिंगाखाली पिल्लं भिरभिरताना दिसतात.

गाळणी मी काढलेली नाही. ती कधी बंद ठेवायची, एवढंच आता मला ठाऊक आहे. ते तू सांगितलंस, हेही एकदा लिहितो. पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझा लोभ गाळणी टाळून थेट पोचू दे.

तुझा धाकटा

ता. क. काल मॅनेजर कुंपण ओलांडून आत आला आणि बराच वेळ भिंगात डोळा घालून बसला. शेड, टाक्या, गाळणी आणि वर नोकरीला मी, असं सगळं मिळून त्याने साठ लाख सांगितले. मी नको म्हटलं.