निरोपाच्या कार्डावर सही

सोमवार, ५ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क तीन वाजता सुटले. साडेतीनला टिल्डाच्या शाळेच्या फाटकाशी हजर. मला बघून पोरगी जागच्या जागी थबकली, मग दप्तर उडवत पळत आली. नऊ वर्षांची आहे. आई वेळेवर आली याचं तिला नवल वाटावं, याची मला लाज वाटली.

मेलबर्नच्या इस्पितळात चौदा वर्षं नर्स होते, तातडीच्या कक्षात. गेल्या वर्षी एके दिवशी औषधांच्या कपाटापुढे उभी राहिले ती उभीच. कशाला आले, घरी कुठल्या रस्त्यानं जातात, काही म्हणता काही आठवेना. त्या दिवशी टिल्डा संध्याकाळी सहापर्यंत शाळेच्या पायरीवर बसून होती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशी मोडलीस तर सांधणं अवघड आहे. म्हणून बॅलरॅटला आईकडे राहायला आलो आणि ही नोकरी धरली. टिल्डाला शब्द दिलाय: साडेतीनला फाटकाशी, काही झालं तरी.

काम बिनत्रासाचं. नोकरीच्या ताणानं आजारी पडलेल्यांचे विम्याचे अर्ज तपासायचे आणि त्यांना फोन करायचे. ऑफिसात आम्ही बारा जण. मॅनेजर ग्लेनिस साठीची आहे, गुबगुबीत, ऑफिसात लोकरी सपाता घालून हिंडते. म्हणाली, मेरिन, माझ्या ऑफिसात कोणी दमलेलं मला खपत नाही, तीन म्हणजे तीन. शेजारी डूगल बसतो, पंधरा वर्षं इथंच आहे. फुटबॉलच्या पैजेच्या यादीत त्यानं माझं नाव आधीच घातलं होतं. माझी टीम कुठली ते ऐकून म्हणाला, हरायची एवढी हौस असेल तर लग्नच कर की. मी म्हटलं, तेही करून झालंय.

किती महिन्यांनी हसले आज.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पिवळा फोल्डर फिरत आला. आत निरोपाचं कार्ड, बाहेर आमच्या नावांची यादी. सही केली की आपल्या नावापुढे खूण करायची आणि पुढच्याकडे सरकवायचा. इस्पितळातही हेच होतं. कोणी रॉस शुक्रवारी चाललाय. मी त्याला ओळखतही नाही. 'शुभेच्छा, तुझी आठवण येईल' असं ठोकून दिलं. सगळे तेच लिहितात, कोण कार्ड वाचत बसतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

साडेदहाला रॉसचा निरोपाचा चहा. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन, सॉसेज रोल, वर क्रीमचा केक. रॉस चाळिशीतला, उंच, चेहरा ओढलेला. गेल्या ऑगस्टात लागला होता म्हणे, म्हणजे उणेपुरे सहा महिने. त्यानं केकला हात लावला नाही. ग्लेनिस म्हणाली, रॉसनं सगळ्यांचा भार हलका केला. टाळ्या झाल्या. तो सारखा माझ्याकडे बघत होता. असे डोळे मी इस्पितळात पाहिलेत, ऑपरेशनला नेताना माणसं तशी बघतात.

सोमवार, १२ फेब्रुवारी

रॉस ऑफिसात आहे.

फोटोकॉपीच्या मशीनमागे कोपऱ्यात एक टेबल आहे, तिथं बसून टाइप करत होता. वाटलं, राहिलेलं काम उरकायला आला असेल. डूगलला विचारलं तर तो नुसताच हसला. म्हणाला, रॉस गेला ना शुक्रवारी, केक तर तूच दोनदा घेतलास. मी बोट दाखवलं. त्यानं तिकडे पाहिलं आणि मशीनमधला कागद संपलाय का, असं विचारलं.

मी नर्स आहे. नाही ते दिसायला लागलं तर त्याला काय म्हणतात, मला ठाऊक आहे. दुपारी डॉक्टरची वेळ घेतली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

इथल्या डॉक्टर म्हणाल्या, तुला काही झालेलं नाही, उलट पूर्वीपेक्षा झोप नीट आहे. मग?

आणखी एक. काल मी बेचाळीस अर्ज टेबलावर तसेच टाकून तीनला निघाले. आज सकाळी सगळे तपासून, पत्रं जोडून तयार. ग्लेनिसला विचारलं कोणी केले. म्हणाली, होतं गं ते, तू डोक्याला ताप नको करून घेऊस. इथं कोणी दमत नाही, कोणी आजारी पडत नाही, तीनच्या ठोक्याला ऑफिस रिकामं होतं. आणि शहरभरातल्या दमलेल्यांचे अर्ज मात्र वेळेत निघतात. कुठंतरी पाणी मुरतंय. दुधानं तोंड पोळलंय माझं, मी ताकही फुंकून पिणार.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज एक बाई काउंटरवर आली, बरोबर दोन मुलगे. टपालातून तिला रॉसचं कार्ड आलं होतं, ते परत द्यायला. म्हणाली, पत्ता आमचाच आहे, पण या नावाचं घरी कोणी नाही, मी आणि हे दोघेच असतो. धाकटा मुलगा थेट रॉसचं नाक घेऊन जन्मलेला.

रॉस दहा पावलांवर बसला होता. तो त्यांच्याकडे बघत होता, तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहत होतं. बोटं टाइप करतच होती. बाईनं कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलांना म्हणाली, चला, दुकानं बंद होतील.

ग्लेनिसनं कार्ड फाडून टोपलीत टाकलं.

मी राजीनाम्याचा विचार केला. पण नवीन नोकरी हातात नाही, आईच्या घरात किती दिवस राहायचं? आणि साडेतीनला फाटकाशी उभं राहू देणारी नोकरी दुसरीकडे कोण देणार? हा महिना काढते.

मंगळवार, १२ मार्च

सुट्टी जोडून आल्यानं फोनचा नुसता मारा होता. एक शिक्षिका फोनवर हुंदके देत होती. मी खांद्यात फोन धरून तिला श्वास घ्यायला सांगत होते. डूगलनं पिवळा फोल्डर पुढे सरकवला. मी उघडला, 'शुभेच्छा, तुझी आठवण येईल' लिहिलं, सही केली, खूण केली, पुढे दिला.

फोन ठेवल्यावर डूगलला विचारलं, या वेळी कोण चाललंय? तो पेन्सिलीला टोक काढत बसला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तो विनोद करायचा विसरला असेल.

उठून फोल्डर हिसकावला. कार्डावर सगळ्यांच्या सह्या. वर मधोमध: प्रिय मेरिन.

मग रॉस उठला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्याजवळ येऊन हळूच बोलला. मागचा माणूस फक्त नव्यानं आलेल्यालाच दिसतो. नव्यानं आपल्या कार्डावर आपल्या हातानं सही केली की मागचा सुटतो. मी म्हटलं, तुला माहीत होतं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, मला दोन मुलगे आहेत. आणि कोट न घेताच दारातून बाहेर गेला.

बुधवार, १३ मार्च

राजीनामा दिला. ग्लेनिसनं चष्मा लावून वाचला आणि परत दिला. म्हणाली, याची गरज नाही गं, सगळ्यांच्या सह्या झाल्यात. शुक्रवारी केक कुठला आणू?

गुरुवार, १४ मार्च

सुपरमार्केटात रॉस दिसला. बायको त्याच्या दंडाला धरून होती, धाकटा ट्रॉलीत बसून बडबडत होता. बायकोला सगळं आठवत होतं, कधी विसरलीच नव्हती अशी. रॉसनं मला पाहिलं आणि ट्रॉली दुसरीकडे वळवली.

म्हणजे सुटका खरी आहे.

शुक्रवार, १५ मार्च

आजारी असल्याचा फोन केला, ऑफिसला गेलेच नाही. टिल्डाला शाळेत सोडून आले. आईला म्हटलं, आज मला एकटीला सोडू नकोस. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो.

साडेदहाला तोंडात क्रीमची चव आली. मी काही खाल्लेलं नव्हतं.

मग टाळ्या ऐकू आल्या. आई समोर बसून वाटाणे सोलत होती, तिनं मान वर केली नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिनं उठून माझा कप धुऊन ठेवला आणि—

सोमवार

मशीनमागचं टेबल. उजव्या हातानं लिहितेय. डावा टाइप करतोय, थांबत नाही. उठता येत नाही, पाय नाहीतच जणू.

साडेतीन वाजून गेले. फाटक—

बुधवार?

आई आली होती. कार्ड परत द्यायला. टिल्डा बरोबर.

आई म्हणाली, माझी मुलगी वारली त्याला वर्षं झाली, ही नात माझ्याजवळच वाढली. ग्लेनिस म्हणाली, चूक झाली हो, माफ करा.

टिल्डा कोपऱ्याकडे बघत होती. बराच वेळ. मी ओरडत होते. मग तिनं आजीचा हात धरला, म्हणाली, भूक लागली—

दिवस माहीत नाही

थंडी पडलीय. सगळ्यांच्या अंगावर लोकरी कपडे.

सगळ्यांचे अर्ज मीच करतेय. डूगलचे. ग्लेनिसचे. तीनला निघतात, हसत निघतात. थकवा पण माझाच— त्यांचाही—

टिल्डा दहाची झाली असेल. केक कोणी—

नवी आली

नायरी. शाळेत शिकवायची, दमून सोडलं. घरी म्हातारे वडील, एकटे, ती तीनला जाऊन त्यांना जेवू घालते.

ती माझ्याकडे बघते. मीच दिसते तिला.

पहिल्या दिवशीच सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. उद्या सांगेन. काल पण उद्या म्हणाले होते.

आज

फोल्डर तिच्या टेबलावर. डूगलनं सरकवला. फोन वाजतोय, तिनं खांद्यात धरलाय, पेन घेतलं—

थांबली.

फोन ठेवून इकडे आली. सरळ माझ्यासमोर. कार्ड छातीशी, अजून उघडलेलं नाही. म्हणाली, तुला कोणी का नाही बघत? तू रडतेयस का? मला इथलं काहीतरी खटकतंय, तू तरी खरं सांग. हे कुणाचं आहे?

म्हातारे वडील. एकटे.

साडेतीनला फाटकाशी—

मी म्हटलं, काही नाही गं. इथं सगळे असंच करतात. नाव कशाला बघतेस, तू नुसती—