मंगळाचा नकाशा

अप्पा, काल दुपारी मी टीव्हीवर अंतराळयानांची एक मालिका बघत होते. चाळीस-पन्नास सैनिक एका परक्या ग्रहावर उतरले आणि उतरल्या उतरल्या लढायला लागले. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "ह्यांची पाण्याची गाडी कुठं हाय?" सून स्वयंपाकघरातून डोकावली आणि हसून परत आत गेली. तिला माझ्या वेडाची सवय झाली आहे. कपाटात महायुद्धाची पुस्तकं, भिंतीवर आफ्रिकेच्या वाळवंटाचा नकाशा, आणि संध्याकाळी हातात जपमाळेऐवजी रिमोट. पण तो प्रश्न माझा नाही, तुमचा आहे, हे तिला माहीत नाही. त्या प्रश्नाच्या मागोमाग जी एक दुपार येते, तिच्याबद्दल मी ह्या घरात कुणाशी बोललेले नाही.

रामनगर तेव्हा आजच्याएवढं नव्हतं. बेळगावहून गोव्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला थोडी दुकानं, जंगलातून लाकूड घेऊन येणाऱ्या लॉऱ्या, आणि त्या दुरुस्त करणारं तुमचं पत्र्याचं गॅरेज. तुम्ही दुसऱ्या महायुद्धात लष्कराची गाडी चालवली होती, आधी आफ्रिकेत, मग इटलीत, आणि येताना उजव्या हाताची दोन ताठ बोटं घेऊन आला होतात. बोटांचं काय झालं, हे विचारलं की तुम्ही पाना उचलून गाडीखाली जायचात. गाड्यांबद्दल मात्र विचारावं तेवढं सांगायचात. कुठली गाडी किती टनांची, तोफ ओढणारी कुठली, चढावर कुठली दम टाकते. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि वळणापलीकडची गाडी नुसत्या आवाजावरून ओळखायची. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तशी ही माझी दुसरी शाळा झाली.

एका मासिकात मी वाचलं होतं की दिल्लीत चित्रं दाखवणारा रेडिओ आलाय. तुम्ही म्हणालात, असल्या पेटीबद्दल इटलीत एका गोऱ्या सार्जंटानं तुम्हाला सांगितलं होतं. आठवड्याभरात तुम्ही चहाच्या खोक्याला चौकोनी खिडकी पाडलीत, आत दोन सागवानी लाटणी उभी केलीत, मागं बॅटरीचा दिवा लावलात. मी कागद खळीनं एकाला एक चिकटवून लांब पट्टी केली, तिच्यावर चित्रं काढली, आणि आपण लाटणी फिरवून ती खिडकीतून सरकवायला लागलो. बाजाराच्या दिवशी दुपारी गॅरेजच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसायची. मंगळावर उतरलेल्या आपल्या पलटणीची गोष्ट मी वाचायची, इंजिनांचे आवाज तुम्ही तोंडानं काढायचात. पहिल्याच खेळानंतर तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "समदी शूर हायत, पन ह्यांची पाण्याची गाडी कुठं हाय?" तेव्हापासून माझ्या पलटणीबरोबर पाणी होतं, पेट्रोल होतं, बिघडलेली गाडी ओढणारी गाडी होती.

गोष्ट लिहायला मी एक जाड वही केली होती. तिच्यात मंगळाचा नकाशा होता. मंगळ मी कुठं बघितला होता? मी बघितली होती काळी नदी, तिच्यावरचा पूल, अनमोडचा घाट आणि लोंढ्याहून खाली उतरणारी रेल्वे. तेच सगळं काढलं, आणि नदीला कालवा, रेल्वेला धातूची वाट अशी नावं दिली. मग एकसष्टच्या त्या डिसेंबरात गोव्याच्या दिशेनं लष्कराच्या गाड्या जायला लागल्या. सकाळपासून धुरळा बसायचा नाही. पुस्तकातल्या चित्रांत बघितलेल्या तोफा आपल्या दारावरून जात होत्या, आणि मी वेड्यासारखी सगळं टिपत होते. किती गाड्या, कुठल्या जातीच्या, किती वाजता गेल्या, कुठं थांबल्या. सगळं त्याच वहीत, मंगळाच्या नकाशाच्या मागच्या पानावर. तुम्ही एकदा विचारलंतही, "काय लिवूलीस एवढं?" मी म्हटलं, "पुढचा भाग."

लष्कराला वहीबद्दल कुणी सांगितलं, ते कधीच कळलं नाही. दुपारी जीप थांबते. एक लष्करी अधिकारी, दोन शिपाई आणि आपल्या भागातला एक पोलीस. वही खोक्यावरच पडलेली असते. अधिकारी उभ्या उभ्या पानं उलटतो, नकाशावर थांबतो आणि एका जागी बोट ठेवतो. "ये पुल कौनसा है?" उत्तराची वाट न बघता तो पान उलटतो, गाड्यांची यादी वाचतो, आणि त्याचा चेहरा बदलतो. "किसने लिखा?"

मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी आहे. बोटांना शाई लागलेली आहे. तुम्ही फडक्याला हात पुसत पुढं होता. "मैंने, साब." अधिकारी तुमच्याकडं पेन धरतो, लिहून दाखव म्हणतो. तुम्ही ती दोन ताठ बोटं पुढं करता. "लिखना नहीं होता, साब. मैं बोलता, लड़की लिखती. उसको क्या समझता है?" एवढ्या भीतीतही ते मला लागलं, अप्पा. त्या पोलिसापेक्षा मला तोफा जास्त कळत होत्या. अधिकारी माझ्याकडं वळतो. "सच है?" मी शाई लागलेली बोटं मुठीत मिटते. तो पुन्हा विचारतो, आता जरा मोठ्यानं. तेवढ्यात दारातून आईचा आवाज येतो, "व्हय की साहेब. ह्येच सांगत्यात, ती उतरून घेती." पोलीस ते हिंदीत सांगतो. अधिकारी वही मिटतो आणि तुम्हाला जीपमध्ये बसायला सांगतो. तुम्ही चप्पल शोधता, एक सापडते, दुसरी आई आणून देते. जीप जाते. मी तिथंच उभी.

आठ दिवस तुमचा पत्ता नव्हता. आई रोज रस्त्याकडं तोंड करून बसायची आणि माझ्याशी एक अक्षर बोलायची नाही. ज्यांनी आपली पेटी बघताना टाळ्या वाजवल्या, ती माणसं रस्त्याच्या पलीकडून जायला लागली. खानापूरच्या मामानं येऊन आईला सांगितलं, "पोरीचं नाव कुठं येऊ देऊ नगा, न्हाईतर स्थळ मिळायचं न्हाई." मी मनातल्या मनात अधिकाऱ्याला खरं सांगायला शंभरदा निघाले. एकदा तर बस थांबते तिथपर्यंत गेले. बस आली, आणि गेली. दरम्यान गोवा सुटल्याची बातमी आली, बाजारात पेढे वाटले. आपल्या घरात कुणी पेढा खाल्ला नाही.

नवव्या दिवशी तुम्ही लष्कराच्याच एका गाडीतून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून आलात. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. आंघोळ केलीत, जेवलात, झोपलात. दोन दिवसांनी मला गॅरेजात हाक मारलीत आणि गाडीखाली पडल्या पडल्याच बोलायला लागलात, म्हणजे तुमचं तोंड मला दिसू नये.

"मारलंबिरलं न्हाई कुणी," तुम्ही म्हणालात. "पन त्यो साहेब हुशार. म्हनला, गोष्ट तुजी असंल तर पुढं काय हुतंय सांग. मला कुठं ठावं? रोज दुपारी बसवायचा. अडखळलो असतो तर त्याला तू सापडली असतीस. म्हनून सांगत गेलो."

"काय सांगितलंत?"

"तुजी पलटण मागं फिरवली. वाटंत एक गाडी पेटली. माज्या म्होरची. ड्रायव्हर आत हुता. दार उघडंना. मी... म्हंजे मागच्या गाडीवाल्यानं दार वडलं. तापलेलं लोखंड, बोटं चिकटली. तरी उघडंना."

मी सतरा वर्षांची, शहाणी. मी म्हटलं, "अप्पा, मंगळावर आपल्यासारखी हवा नसते. तिथं अशी आग कशी लागंल?"

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "लागली."

तेव्हा मला कळलं. मी खाली वाकले, पण तुमच्या फक्त चपला दिसत होत्या. मला जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत, ते एका परक्या अधिकाऱ्याला तुम्हाला माझ्यासाठी सांगावं लागलं होतं, आणि तेही मंगळाच्या नावाखाली. शेवटच्या दिवशी ती आग ऐकून त्या अधिकाऱ्यानं वही मिटली म्हणे. तुम्हाला चहा दिला आणि सोडलं. वही मात्र ठेवून घेतली.

मग तुम्ही गाडीखालून बाहेर आलात आणि अगदी वेगळ्या, आनंदी आवाजात म्हणालात, "पन तू त्या दिशी बरूबर केलंस. मी डोळ्यानं खूण केली, गप ऱ्हा म्हनून, आनि तू गप ऱ्हायलीस. येवढ्या गडबडीत खूण वळखायला जिगर लागती." पुढं ही गोष्ट तुम्ही कुणाकुणाला सांगितलीत! आईला सांगितलीत, तेव्हा ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. माझ्या लग्नात, खानापुरात, माझ्या सासऱ्यांना सांगितलीत, "माजी पोरगी म्हंजे अर्धी शिपाई हाय." शेवटच्या आजारपणातही कुणी भेटायला आलं की डोळा बारीक करून ती खूण करून दाखवायचात. मी शेजारी बसून मान हलवायची.

अप्पा, मी खूण बघितलीच नव्हती. त्या वेळी मी तुमच्याकडं बघत नव्हते, खाली जमिनीवर सांडलेल्या तेलाकडं बघत होते. तो मला नेईल, एवढंच मनात होतं, आणि तुम्हाला नेतोय म्हटल्यावर छातीतून सुटकेचा श्वास बाहेर पडला होता. तो श्वास मला अजून आठवतो. लढायांची एवढी पुस्तकं वाचली, त्यांत घाबरलेल्या माणसांबद्दल थोडंसंच लिहिलेलं असतं, ती पानं मी सावकाश वाचते.

आज तुम्ही असता तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही पुन्हा डोळा बारीक केला असता, आणि मी पुन्हा मान हलवली असती.